पोटातल्या बॅक्टेरियांना 100 पैकी 62 मार्क

हल्ली मोबाईलवर पोटाबद्दल काहीही सर्च केलं की गट मायक्रोबायोम टेस्टच्या, म्हणजे आतड्यातल्या जंतूंच्या तपासणीच्या, जाहिराती हात धुऊन मागे लागतात. काही हजार रुपये भरायचे, घरी किट येतं, शौचाचा वाटाण्याएवढा नमुना काडीने नळीतल्या द्रावणात टाकायचा, नळी हलवायची, कुरिअर करायचं, आणि काही आठवड्यांनी ॲपवर भलामोठा रंगीत रिपोर्ट. गट स्कोअर 62, विविधता मध्यम, सूज वाढवणारे जंतू जास्त, आणि शेवटच्या पानावर त्याच कंपनीचं प्रोबायोटिक, म्हणजे पोटात घ्यायचे ‘चांगले’ जिवंत जंतू, तीन महिन्यांचा कोर्स. ओळखीचे लोक असे रिपोर्ट मला पाठवतात आणि विचारतात, हे बघ ना काय म्हणतंय, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

आधी हे सांगतो की पोटातले जंतू आणि तब्येत यांचा संबंध ही काही थाप नाही. हां, आपल्या पेशींच्या दहापट बॅक्टेरिया अंगात असतात हे वाक्य मात्र आता विसरा, अजूनही लोक भाषणात ते ठोकून देतात. इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या शास्त्रज्ञांनी 2016 साली नीट हिशोब मांडला तेव्हा साधारण 38 लाख कोटी बॅक्टेरिया आणि 30 लाख कोटी मानवी पेशी असा आकडा निघाला, म्हणजे जवळपास बरोबरी, आणि सगळ्या बॅक्टेरियांचं वजन मिळून 200 ग्रॅमच्या आसपास. बहुतेकांचा मुक्काम मोठ्या आतड्यात. भाकरी, उसळ, पालेभाजी यातला जो तंतुमय भाग आपल्याला पचत नाही तो तिथे पोचतो, हे बॅक्टेरिया त्यावर तुटून पडतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी छोटी आम्लं तयार होतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशी आपल्या ऊर्जेचा मोठा वाटा या ब्युटिरेटमधूनच घेतात. मधुमेह, लठ्ठपणा, आतड्याची सूज, अगदी पार्किन्सन्सच्या पेशंटमध्येसुद्धा हे जंतू निरोगी माणसांपेक्षा वेगळे दिसलेत, पण जंतू बदलले म्हणून आजार आला की आजार आणि त्याच्या औषधांमुळे जंतू बदलले, हे बऱ्याच ठिकाणी अजून सुटलेलं नाही.

आता तो नमुना लॅबमध्ये गेल्यावर काय होतं ते बघू, कारण खरी मेख तिथे आहे.

पहिलं काम म्हणजे बॅक्टेरिया फोडून आतला डीएनए बाहेर काढायचा. काही बॅक्टेरियांच्या भिंती पातळ, काहींच्या चांगल्याच जाड. जाड भिंतवाल्यांना फोडायला नळीत बारीक मणी घालून ती जोरात घुसळतात, आणि हे घुसळणं कमी पडलं तर जाड भिंतवाले आतच राहतात आणि रिपोर्टमध्ये कमी दिसतात. तुमच्या पोटात ते भरपूर असले तरी! मग डीएनए वाचायचा. स्वस्त टेस्ट असेल तर 16एस नावाच्या एकाच जीनचा तुकडा वाचतात. हा जीन साधारण 1500 अक्षरांचा, सगळ्या बॅक्टेरियांत असतो, त्यातला काही भाग सगळ्यांत जवळजवळ सारखा आणि काही भाग प्रत्येकाचा वेगळा, त्या वेगळ्या भागावरून मशीन ओळखतं की हा कुठल्या घराण्यातला. घराणं कळतं, पण घरातला नेमका कोण ते बऱ्याचदा कळत नाही. आणि ई. कोलायसारख्या एकाच जातीत बिनबोभाट राहणारे पण असतात आणि रक्ताचे जुलाब लावणारे पण, त्यामुळे हा फरक काही किरकोळ नाही. महागड्या टेस्टमध्ये, जिला शॉटगन म्हणतात, नमुन्यातला मिळेल तो सगळा डीएनए वाचतात, तिथे चित्र बरंच स्पष्ट येतं.

पण दोन्हीकडे आकडे येतात ते टक्क्यांत, आणि इथे लोक फसतात. पंगतीत 100 माणसं बसलीत, त्यातली 20 मुलाकडची. मुलीकडचे 40 जण जेवून उठले की मुलाकडच्यांची टक्केवारी 20 वरून 33 वर गेली, पण माणूस एकही वाढला नाही. रिपोर्टमध्ये एखादा जंतू ‘वाढलेला’ दिसतो तेव्हा तो खरंच वाढला की बाकीचे घटले, हे त्या टक्क्यावरून कळत नाही.

त्यात शौच कडक झालं की पातळ, याने पण आकडे हलतात. डॉक्टर लोक वापरतात तो ब्रिस्टल तक्ता, एक म्हणजे बकरीच्या लेंड्यांसारखं आणि सात म्हणजे निव्वळ पाणी. बेल्जियममधल्या संशोधकांनी हा तक्ता आणि जंतू यांची सांगड घातली तर कडक शौचात जास्त प्रकारचे जंतू सापडले आणि पातळ होत जाईल तसे प्रकार कमी कमी. म्हणजे नुसत्या विविधतेवर मार्क द्यायचे ठरवले तर बद्धकोष्ठवाला पहिला नंबर काढू शकतो. आता बोला.

मग एकच नमुना दोन लॅबना दिला तर? उत्तर बरंच वेगळं येऊ शकतं, आणि हे माझं मत नाही, अमेरिकेत वजनमापांची प्रमाणं ठरवणारी जी एनआयएसटी नावाची सरकारी संस्था आहे तिला याच कारणासाठी मार्च 2025 मध्ये चक्क ‘प्रमाण शौच’ बाजारात आणावं लागलं. शाकाहारी आणि मिश्राहारी लोकांचं शौच गोळा करून, एकजीव करून, गोठवून आठ कुप्यांचा सेट, त्यात कुठले 150 हून जास्त जंतू आणि तितकीच रसायनं आहेत ते आधीच तपासलेलं. लॅबने आपली पद्धत या कुप्यांवर चालवून बघायची आणि उत्तर जुळतं का ते पडताळायचं. (हीच संस्था लॅबसाठी प्रमाण पीनट बटरसुद्धा विकते. सरकारी नोकरीत काय काय करावं लागतं!) गंमत सोडा, पण मुद्दा असा की जगभर टेस्ट विकायला लागून दहा-बारा वर्षं झाल्यावर ही मोजपट्टी आली.

माझ्याकडे येणाऱ्या रिपोर्टमध्ये एक ओळ हमखास लाल रंगात असते, ‘प्रिव्होटेला कोप्री: जास्त’. खाली बारीक अक्षरात संधिवाताचा धोका वगैरे. हे कुठून आलं? 2013 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस नुकताच सुरू झालेल्या पेशंटमध्ये हा जंतू जास्त दिसला होता, तिथून त्याच्यावर शिक्का बसला. पण हाच प्रिव्होटेला धान्य-डाळी-भाज्या खाणाऱ्या लोकांच्या पोटात जगभर भरपूर असतो आणि आपल्याकडे तर फारच. देशातल्या 14 ठिकाणच्या 1004 लोकांचा 2018 मध्ये आलेला अभ्यास बघा, किंवा 2019 मध्ये भोपाळच्या आयसरने भोपाळ आणि केरळमधल्या 110 निरोगी लोकांचा केला तो बघा, प्रिव्होटेला ठळकपणे दिसतोच, भोपाळकडच्या डाळ-पोळीवाल्या मंडळींत तर जास्तच. पुण्यात एनसीसीएस या पेशीविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेत डॉ. योगेश शौचे आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं हेच सांगत आलेत की भारतीय पोटाचा नकाशा वेगळा आहे, तो आपला आपणच काढायला हवा. पुढे 2019 मध्येच असंही कळलं की प्रिव्होटेला कोप्री हा एक जंतू नाहीच, त्यात चार वेगवेगळे गट आहेत, आणि 2022 मध्ये त्याचं नाव बदलून सेगाटेला झालं, त्यामुळे एका कंपनीच्या रिपोर्टमध्ये तुम्हाला एक नाव दिसेल आणि दुसरीच्या दुसरं. तर साताऱ्यात ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ खाणाऱ्या माणसाला, युरोप-अमेरिकेतल्या लोकांच्या सरासरीशी ताडून ‘तुमच्यात हा जंतू जास्त’ असं लाल रंगात सांगायचं, याला काय अर्थ आहे?

देश बदलला की पोटही बदलतं, आणि लवकर. आग्नेय आशियातून अमेरिकेत गेलेल्या हमोंग आणि कारेन लोकांचा 2018 मध्ये अभ्यास झाला, त्यात तिकडे पोचल्यावर काही महिन्यांतच प्रिव्होटेला मागे पडून बॅक्टेरॉइडिस नावाचा दुसरा जंतू वर यायला लागलेला दिसला, विविधता कमी झाली आणि तिथे जन्मलेल्या पिढीत आणखी कमी. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या आपल्या भावंडांनी तुलना करताना हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

आणि हो, या धंद्यात एक जंगी भानगड होऊन गेलीय. सॅन फ्रान्सिस्कोची यूबायोम नावाची कंपनी, 2012 ची, लोकवर्गणीतून सुरू झालेली, पुढे गुंतवणूकदारांकडून 10 कोटी डॉलरच्या वर पैसा उचलला. डॉक्टरांच्या नावाने टेस्ट लिहून विमा कंपन्यांकडून नको ती बिलं वसूल केल्याच्या संशयावरून एप्रिल 2019 मध्ये एफबीआयची धाड पडली, त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत, 2021 मध्ये दोन्ही संस्थापकांवर फसवणुकीचे आरोप दाखल. सगळ्याच कंपन्या अशा असतात असं मी म्हणत नाही, पण ‘सिलिकॉन व्हॅलीचं तंत्रज्ञान’ ऐकून लगेच कार्ड काढू नका.

मग जंतूंच्या जिवावर खरोखर बरं होणारं काही आहे का? आहे ना. अँटिबायोटिकच्या माऱ्यानंतर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू आतड्यात माजतो आणि जुलाब पुन्हा पुन्हा उलटतात. 2013 मध्ये नेदरलँड्समध्ये अशा पेशंटना निरोगी माणसाचं शौच गाळून नळीने आतड्यात दिलं, 16 पैकी 13 जण पहिल्याच डोसात बरे, नुसत्या व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकवर 13 पैकी 4. फरक इतका उघड की ट्रायल मध्येच थांबवली. अमेरिकेत 2022 आणि 2023 मध्ये या तत्त्वावरची दोन औषधं मंजूर पण झाली. पण यात पेशंटचा गट स्कोअर किती हे कुणी विचारत नाही, त्या एका जंतूची आणि त्याच्या विषाची साधी टेस्ट पुरते.

2024 च्या शेवटी 18 देशांतल्या 69 तज्ज्ञांनी मिळून या टेस्टबद्दल एक एकमताचं निवेदन काढलं. त्यांचं म्हणणं, पेशंटने स्वतःच ऑनलाईन मागवून ही टेस्ट करू नये, डॉक्टरांनी कारण असेल तरच सांगावी, आणि रिपोर्टमध्ये फर्मिक्युट्स आणि बॅक्टेरॉइडेट्स या जंतूंच्या दोन मोठ्या गटांचं गुणोत्तर किंवा ‘बिघाड निर्देशांक’ छापू नयेत कारण त्याला पुरेसा आधार नाही. नेमकं तेच आकडे आपल्याकडच्या रिपोर्टच्या पहिल्या पानावर मोठ्या गोल मीटरमध्ये असतात.

शेवटच्या पानावरच्या प्रोबायोटिकबद्दल पण सांगतो. वाइझमनच्याच 2018 च्या अभ्यासात अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेतलेल्यांचे मूळचे जंतू परत यायला, काहीच न घेतलेल्यांपेक्षा जास्त वेळ लागला. आंबवलेल्या पदार्थांचं मात्र बरं दिसतंय, स्टॅनफर्डने 2021 मध्ये 36 जणांना दहा आठवडे बघितलं, दही-केफिर-किमची असं रोज भरपूर खाणाऱ्यांची विविधता वाढली आणि रक्तातली सुजेची 19 प्रथिनं घटली. अभ्यासातली माणसं थोडी आहेत, पण दही-ताक कुठे महाग आहे. इडली-ढोकळ्याला यात धरू नका बरं का, वाफवताना त्यातले जंतू मरतात.

आणि पोटाची खरंच तक्रार असेल, म्हणजे शौचातून रक्त जातंय, वजन आपोआप उतरतंय, रात्री झोपेतून उठून जुलाबाला जावं लागतंय, हिमोग्लोबिन कमी झालंय, तर किटची वाट बघत बसू नका, सरळ डॉक्टरकडे जा. ते आधी साधी स्टूल रुटीन करतील, कदाचित फीकल कॅल्प्रोटेक्टिन सांगतील. कॅल्प्रोटेक्टिन हे पांढऱ्या पेशींमधलं प्रथिन, आतड्याला सूज असली की ते शौचात उतरतं. एकच आकडा येतो, ग्रॅमला 50 मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर आतड्यात सुजेचा आजार असण्याची शक्यता फार कमी, बराच वर असेल तर पुढे कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी.