कर

'कर' ही दोन अक्षरे म्हणजे मराठीतले एक घर नव्हे, मुळे वेगळी असलेल्या शब्दांचा शेजार आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात मराठीला लागूनच कानडी बोलली जात असल्याने हा शेजार आणखी वाढतो.

'काम कर' यातले आज्ञार्थी रूप संस्कृत 'कृ' धातूचे. दिनकर, शंकर यांतला 'कर' म्हणजे करणाराच. हात, किरण आणि सरकारदरबारी भरायची रक्कम हे अर्थही संस्कृतातले. रकमेला कानडीतही 'कर' म्हणतात, शिवाय 'तेरिगे' आहेच. बोलताना मात्र लोक घरपट्टी, पाणीपट्टी असेच म्हणतात.

आडनावातला '-कर' गाव सांगतो. गावाच्या नावाशेवटी 'अ' असेल तर तो सरळ लागतो: येळ्ळूरकर, खानापूरकर. शेवटी 'आ' असेल तर त्याचा 'ए' होतो: हलगा, हलगेकर. 'ई'चा मात्र नेम नाही. निपाणीकरात ती टिकते, कडोलीच्या कडोलकरात गळते. म्हणून आडनावावरून गाव शोधताना नुसता 'कर' काढून चालत नाही. कडोल नावाचे गाव धुंडाळत बसायची वेळ येते. शेतकरी, वारकरी यांतला '-करी' वेगळा: तो गाव नव्हे, काम किंवा व्रत सांगतो.

सणाच्या दुसऱ्या दिवसाची 'कर' स्त्रीलिंगी आहे: संक्रांतीची कर, शिमग्याची कर. पंचांगात याला करिदिन म्हणतात. या दिवशी शुभकार्य धरत नाहीत. मांसाहारी घरांत आदल्या दिवशीच्या पुरणपोळीनंतर आज तिखटाचा बेत असतो. उत्तर कर्नाटकातल्या कानडीत हाच दिवस 'करि'. कानडीत 'करि' म्हणजे काळा, आणि वर्ज्य दिवसाला हे नाव शोभते. हात किंवा पट्टी यांच्याशी त्याची सांगड घालणे ओढूनताणून होते.

ज्येष्ठ पौर्णिमेच्या कर्नाटकी बेंदराला, म्हणजे कारहुणवी या बैलांच्या सणाला, संध्याकाळी 'कर तोडतात'. ही कर म्हणजे वेशीत आडवी बांधलेली, पिंपळाच्या पानांची तोरणदोरी. बैलांना धुऊन, शिंगे रंगवून, झूल घालून वाजतगाजत आणतात आणि दोरीखालून पळवतात. पुष्कळ गावांत पहिला मान पाटलांच्या बैलाचा. पांढऱ्या बैलाने कर तोडली तर रब्बी साधते, तांबड्याने तोडली तर खरीप, असा समज आहे. दोरी झटक्यासरशी तुटणारी हवी. नायलॉनची दोरी बांधली तर ती शिंगात अडकते, बैल बुजतो आणि मागची जोडी अंगावर येते. दोरी फार खाली असेल तर बैलाच्या गळ्याला काचते आणि कासरा धरून पळणारा माणूसही तिच्यात गुंततो.

लिहिताना घोटाळा टाळायचा तर लिंग पाहावे. 'हा कर' भरायचा किंवा जोडायचा, 'ही कर' पाळायची किंवा तोडायची.