पार्श्वभूमी: प्रोस्टेटच्या इंजेक्शनला मधली सुट्टी आणि नवरा-बायकोचा प्रश्न

मिरज, सांगली, कराड किंवा साताऱ्याच्या ओपीडीत हाडापर्यंत पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरचा पेशंट आला, की त्याच्यापुढे पहिल्यांदा दोन वाटा ठेवल्या जातात. टेस्टोस्टेरॉन (पुरुष-हार्मोन) तळाला नेणारं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी, नाहीतर एकदाच ऑपरेशन करून वृषणं काढून टाकणं. बोलणं होतं ते खर्चाचं आणि हेलपाट्यांचं. दोन्ही वाटांनी लैंगिक इच्छा आणि लिंगाची ताठरता जाते, ही माहिती संमतिपत्राच्या छापील ओळींत राहते. पेशंट सत्तरीचा असेल तर ‘आबा, आता या वयात काय करायचंय?’ एवढ्यावर विषय मिटतो. शेजारी बसलेल्या आजींना तर कुणी विचारतच नाही.

हा विषय मागे पडण्याला इतिहास आहे. 1941 मध्ये अमेरिकेत दाखवलं गेलं, की वृषणं काढली किंवा स्त्री-हार्मोन दिलं की पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर आक्रसतो. या कामाला 1966 मध्ये नोबेल मिळालं. हाडांच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेला माणूस उठून बसत होता. त्यापुढे इच्छा गेली याची नोंद कोण ठेवणार? स्त्री-हार्मोनच्या गोळीचा 5 मिलिग्रॅमचा डोस हृदयविकाराने माणसं मारतो, हे साठच्या दशकातल्या चाचण्यांत लक्षात आलं, आणि वाद पुढे हृदयाभोवतीच फिरत राहिला.

1985 च्या सुमारास मेंदूकडून वृषणांना जाणारा आदेश बंद करणारी इंजेक्शनं आली. हृदयाला ती त्या गोळीपेक्षा सौम्य, लैंगिक परिणाम मात्र तोच, कारण टेस्टोस्टेरॉन दोन्हीकडे तळालाच जातं (डेसिलिटरला 50 नॅनोग्रॅमच्या खाली, आता 20 च्या खाली असावं असं धरतात). फरक एकच, पण मोठा: इंजेक्शन थांबवता येतं, ऑपरेशन परत फिरवता येत नाही. इंजेक्शनची एक खोडही आहे. पहिले एक-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं. मणक्यात गाठी असतील तर तेवढ्यात मज्जारज्जू दाबला जाऊन पाय लुळे पडू शकतात. म्हणून आधी काही दिवस बायकॅल्युटामाइड (टेस्टोस्टेरॉनचा परिणाम अडवणारं औषध) 50 मिलिग्रॅमची गोळी सुरू करून ती तीन-चार आठवडे चालू ठेवतात. ऑपरेशननंतर हा चढ येत नाही, टेस्टोस्टेरॉन काही तासांत खाली येतं. 2008 नंतर आलेल्या, मेंदूच्या आदेशाला थेट अटकाव करणाऱ्या डेगारेलिक्स या इंजेक्शनमध्येही तो नाही. पण ते महिन्याला घ्यावं लागतं.

इंजेक्शन थांबवता येतं म्हटल्यावर पुढचा प्रश्न आपोआप आला: मधली सुट्टी द्यायची का? पीएसए (रक्तातलं प्रोस्टेटचं प्रथिन, आजाराचा माग ठेवणारा आकडा) खाली बसला की औषध थांबवायचं, चढला की पुन्हा सुरू करायचं. या एका निर्णयावर जेवढा वाद झाला तेवढा या उपचारात दुसऱ्या कशावर झाला नसेल.

दोन मोठ्या चाचण्या समोर आहेत आणि त्यांची सरमिसळ करूनच बहुतेक गोंधळ होतो. 2012 ची चाचणी रेडिएशननंतर फक्त पीएसए वाढलेल्या, हाडात काही न दिसणाऱ्या 1386 पुरुषांवर झाली. आठ महिने उपचार, मग सुट्टी, पीएसए 10 च्या वर गेला की पुन्हा सुरुवात. सुट्टीवाल्यांपैकी निम्मे 8.8 वर्षांहून जास्त जगले, अखंड घेणाऱ्यांपैकी निम्मे 9.1 वर्षांहून. म्हणजे सुट्टीने आयुष्य ठळकपणे घटलं नाही, आणि इच्छा, ताठरता, घामाच्या लाटा या बाबतीत सुट्टीवाले थोडे बरे राहिले. पण टेस्टोस्टेरॉन पूर्ववत झालं ते जेमतेम एकतृतीयांशांचं. सुट्टी म्हणजे जुनं सगळं परत, असं आश्वासन कुणी देऊ नये.

2013 ची चाचणी हाडात पसरलेल्यांची. सात महिने औषध घेऊन पीएसए 4 किंवा त्याखाली आलेल्या 1535 जणांची दोन गटांत विभागणी झाली. सुट्टीवाल्यांपैकी निम्मे 5.1 वर्षांहून जास्त जगले, अखंड घेणाऱ्यांपैकी निम्मे 5.8 वर्षांहून. सुट्टीत मृत्यूचा धोका 20 टक्क्यांपर्यंत वाढत असावा, ही शक्यता आकड्यांनी नाकारता आली नाही. ‘सुट्टी घातक ठरली’ असं याचं वाचन अनेक ठिकाणी झालं. नेमकं म्हणायचं तर ‘सुट्टी तितकीच चांगली आहे हे सिद्ध झालं नाही.’ ताठरतेत आणि मनःस्थितीत सुट्टीवाले तिसऱ्या महिन्याला पुढे होते, नंतर तो फरक टिकला नाही. काही महिन्यांच्या सुखासाठी आयुष्याचा काही भाग पणाला लावायचा का, याचं उत्तर डॉक्टरने परस्पर देण्यासारखं नाही. ते जोडप्याने द्यायचं.

आपल्याकडे सुट्टी फसते ती बहुधा तपासणीपाशी. सुट्टीत दर एक ते तीन महिन्यांनी पीएसए बघावाच लागतो, तोही शक्यतो एकाच लॅबमध्ये. लॅब बदलली की आकडा हलतो आणि चढ खरा की खोटा ते कळत नाही. जत-आटपाडीहून मिरजेला किंवा पाटणच्या वाडीवरून कराडला येण्यात अख्खा दिवस मोडतो. ऊसतोडीच्या हंगामात तपासणी राहून जाते, माणूस येतो तो कंबर धरून. पायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, लघवी तुंबणं यांतलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं. हा भरवसा नसेल तर सुट्टी न देणंच शहाणपणाचं, आणि ऑपरेशनची शिफारस होते त्यामागे हेही कारण असतं. ते तसं सांगितलं मात्र जात नाही.

इच्छा राखण्यासाठी नुसती बायकॅल्युटामाइड 150 मिलिग्रॅम देण्याचा प्रयोगही झाला. टेस्टोस्टेरॉन रक्तात राहत असल्याने इच्छा बरीच टिकते. पण छाती वाढते व दुखते (टॅमॉक्सिफेन या स्त्री-हार्मोन अडवणाऱ्या गोळीने ते आवरतं), आणि पसरलेल्या आजारात ती इंजेक्शनइतकं आयुष्य देत नाही. सिल्डेनाफिलबद्दलही (व्हायग्राची गोळी) गैरसमज आहे: ती रक्तपुरवठ्याला मदत करते, इच्छा आणत नाही. हृदयासाठी नायट्रेटची गोळी चालू असेल तर ती घ्यायचीच नाही, रक्तदाब कोसळतो.

2015 पासून पसरलेल्या आजारात सुरुवातीलाच केमोथेरपी, 2017 पासून अबिरॅटेरॉन या हार्मोन बनणं रोखणाऱ्या गोळीची जोड आली आणि आयुष्य स्पष्ट वाढलं. पण त्या चाचण्यांत हार्मोन उपचार अखंड होता, त्यामुळे सुट्टीचा जुना हिशेब नव्या औषधांना तसाच लावता येत नाही. खरी निवड आता उरली आहे ती न पसरलेल्या आजारात, रेडिएशनसोबत इंजेक्शन किती काळ घ्यायचं यात. मध्यम धोक्याला सहसा चार ते सहा महिने, जास्त धोक्याला दीड ते तीन वर्षं. सहा महिन्यांनी थांबलेल्या साठीच्या माणसाचं टेस्टोस्टेरॉन बहुधा वर्षभरात वर येतं. सत्तरी ओलांडलेल्याने तीन वर्षं घेतली तर ते कधीच न येण्याची शक्यता धरावी लागते. पहिल्या इंजेक्शनआधी टेस्टोस्टेरॉन एकदा मोजून कागदावर ठेवलं, तर नंतर काय परतलं ते निदान ताडून बघता येतं.