ठिपक्यांवर ठिपके पडतात तेव्हा

एका मासिकाच्या लेखासाठी जुन्या कापड गिरणीच्या छायाचित्राचे बारीक हाफटोन ठिपके करून, त्यांना करडा रंग देऊन मी पान छपाईला पाठवले होते. पडद्यावर ते अगदी स्वच्छ दिसत होते. छापून आल्यावर मात्र धुराड्याभोवती पाण्यावर उठाव्यात तशा लाटा उमटलेल्या होत्या. अशा वेळी बोल छापखान्याला लागतो, पण या लाटांचा उगम माझ्याच ठिपक्यांत होता.

छपाईयंत्र कागदावर शाई लावते किंवा लावत नाही. काळ्या शाईत पाणी घालून करडी छटा काढण्याची सोय त्यात नाही. म्हणून छायाचित्र लहानमोठ्या ठिपक्यांच्या जाळीत फोडावे लागते; यालाच हाफटोन म्हणतात. न्यू यॉर्कच्या ‘डेली ग्राफिक’ या दैनिकाने ४ मार्च १८८० रोजी असे छायाचित्र छापले, आणि पुढे कोलकात्यात लेखक-मुद्रक उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी या जाळीच्या गणितावर लिहिलेले लेख लंडनच्या ‘पेनरोज’ या छपाईविषयक वार्षिकात प्रसिद्ध झाले. आपल्याकडच्या जुन्या छापखान्यांत हेच तंत्र ‘हाफटोन ब्लॉक’ म्हणून रुळले. गुळगुळीत कागदाच्या मासिकात इंचाला साधारण १५० ठिपके असतात, म्हणजे दोन ठिपक्यांत ०.१७ मिलिमीटर अंतर राहते, आणि ३० सेंटिमीटरवरून निरोगी डोळ्याला जाळी वेगळी ओळखू येण्याची मर्यादाही जवळपास तेवढीच आहे.

रंगीत छपाईत निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शाईंच्या चार जाळ्या एकमेकींवर बसतात आणि खरी गंमत तिथे सुरू होते. मच्छरदाणीचे दोन पदर एकावर एक आले की कोणत्याच पदरात नसलेली तिसरी नक्षी दिसते. तिला मॉयरे म्हणतात. सारख्या विणीच्या दोन जाळ्यांमधला कोन जितका लहान, तितकी ही लाट रुंद असते: दोन ठिपक्यांतल्या अंतराला कोनाच्या अर्ध्याच्या साइनच्या दुपटीने भागले की लाटेची रुंदी मिळते. ५ अंशांच्या कोनात ती सुमारे २ मिलिमीटर होते, म्हणजे चेहऱ्यावर डाग पडल्यासारखी खुपते. ३० अंशांत ती ०.३३ मिलिमीटरवर येते आणि रोझेट नावाच्या बारीक फुलांत विरघळते. ठिपक्यांची चौकोनी जाळी ९० अंश फिरवली की पुन्हा पहिल्यासारखीच होते, त्यामुळे ३० अंशांच्या अंतराने तीनच रंग बसतात आणि चौथ्याला जागा उरत नाही. यावरचा तोडगा मला फार देखणा वाटतो. आडव्या-उभ्या रेघांपेक्षा तिरक्या रेघा डोळ्याला कमी जाणवतात, म्हणून सर्वांत ठळक काळा ४५ अंशांवर, निळा १५ आणि किरमिजी ७५ अंशांवर ठेवतात. पिवळा शून्यावर बसतो. शेजाऱ्यांपासून पिवळा १५ अंशांवरच असल्याने त्याची लाट रुंद होते खरी, परंतु पांढऱ्या कागदावर पिवळा इतका फिका असतो की ती नजरेत भरत नाही.

माझ्या पानावर घडले ते वेगळ्या वाटेने. करडा रंग म्हणजे काळ्याचे काही टक्के, त्यामुळे छापखान्याने माझ्या ठिपक्यांचेही पुन्हा ठिपके केले. माझी जाळी इंचाला ७० ठिपक्यांची होती आणि दोन्ही जाळ्यांचा कोन ४५ अंशच होता. किंचित उतरलेल्या दोन तारांमुळे तंबोऱ्याचा आवाज डोलतो, तसेच इथेही झाले: ७० ठिपक्यांच्या नक्षीत तिच्या दुपटीची बारीक लयही दडलेली असते, आणि ती १४० व छापखान्याचे १५० यांच्यातल्या फरकाने इंचाला १० लाटा उठल्या.

अशा वेळी ‘रिझोल्यूशन वाढवा’ हा सल्ला हमखास मिळतो. इंचाला ३०० पिक्सेल हा आकडा मंत्रासारखा जपला जातो. तो आला आहे १५० च्या दुपटीतून, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या लहान छायाचित्रापुढे रिझोल्यूशनच्या रकान्यात ३०० लिहिल्याने त्यात नसलेला तपशील उगवत नाही. हाफटोनचा परिणाम हवा असेल तर ठिपके स्पष्ट दिसतील इतके मोठे करावेत, त्यांना एकाच शाईचे पूर्ण १०० टक्के द्यावेत आणि चित्र १२०० डीपीआयच्या (इंचाला १२०० बिंदूंच्या) बिटमॅपमध्ये, म्हणजे करड्या छटा नसलेल्या निव्वळ काळ्या-पांढऱ्या रूपात, जतन करावे, म्हणजे छापखान्याच्या जाळीला तिथे कामच उरत नाही. करडा हवाच असेल, तर तयार करड्या शाईचा वेगळा रंग लावावा.

ते पान मी इंचाला १८ ठिपके ठेवून, निव्वळ काळ्या शाईत पुन्हा छापून घेतले. भिंगाखाली आता प्रत्येक ठिपक्याची कड सलग दिसते आणि आतला काळा भरीव आहे.