परसातली ट्रॉली आणि दोन सेंटिमीटरची पायरी

मनोरीला मावशीकडे अजून बंब पेटतो. पावसाळ्यात परसातलं एक सुरूचं झाड आडवं झालं. त्याचे ओंडके करून घेतले आणि ते विहिरीपासून पडवीपर्यंत आणायला मावसभावानं ऑनलाइन ट्रॉली मागवली. चार चाकं, ‘क्षमता 300 किलो’, ‘जपानी बेअरिंग’. ती शंभर किलोलाच अडकली. रात्री त्याचा फोन: “दादा, चाकं नवी आहेत, वंगण आहे, मग हलत का नाही?” तोवर मावशीनं दांड्याला लिंबू-मिरची बांधून टाकली होती. माझ्या मते लिंबू-मिरची आणि जपानी बेअरिंग यांचा इथे उपयोग सारखाच. लिंबू-मिरची स्वस्त पडते, एवढाच फरक.

गाडी जड जाते म्हणजे चाक घासतंय, हा आपला सगळ्यांचा लाडका समज. पण चाक घासतं ते आसापाशी. आस एक सेंटिमीटर त्रिज्येचा आणि चाक वीस सेंटिमीटर त्रिज्येचं असेल, तर ते घर्षण ओढणाऱ्याला विसाव्या हिश्श्यानंच जाणवतं. साधं वंगण घातलेलं बुश (आस ज्यात फिरतो ती नळी) असलं तरी शंभर किलोमागे अर्धा किलो जोर. त्यासाठी जपानपर्यंत जायची गरज नाही. खरी भानगड जमिनीपाशी आहे.

ट्रॉलीचं चाक 10 सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे त्रिज्या 5. पडवीसमोरची कडाप्प्याची लादी वाळूपेक्षा 2 सेंटिमीटर वर आलेली. चाक तिच्या कडेला टेकलं की त्या कडेपासून आसापर्यंतचं अंतर 5 आणि आसाची कडेपासूनची उंची 5 वजा 2, म्हणजे 3. मग आडवं अंतर किती? 4. शाळेतला 3-4-5 चा त्रिकोण वाळूत उभा! (हे फोनवर सांगताना मी इतका खूश झालो की पलीकडून “हं” येणं बंद झालंय, हे उशिरा लक्षात आलं.)

आता चाकाला वर चढायचं तर त्या कडेभोवती फिरायला हवं. वजन त्याला मागे फिरवतं, त्याची भुजा, म्हणजे जोराच्या रेषेचं त्या कडेपासूनचं अंतर, 4. आपण आडवं ओढतो तो जोर पुढे फिरवतो, त्याची भुजा 3. म्हणजे वजनाच्या 4/3 पट ओढावं लागणार. पुढच्या दोन चाकांवर मिळून 50 किलो धरले, तर जोर हवा 67 किलोचा. तेवढं ओझं सरळ उचललं असतं तर 50 किलोत भागलं असतं! चाकाचा शोध लावून आपण तोट्यात.

त्यात भाऊ मागून वाकून ढकलत होता. वाकून ढकललं की जोर पुढे जातो तसा खालीही जातो. हा जोर आसावर येतोय असं सोयीसाठी धरू. वीस अंश खाली कललेला असेल तर 67 चे 138 किलो होतात. सदतीस अंशांच्या आसपास त्या जोराची रेषा थेट लादीच्या कडेतून जाते, भुजा शून्य होते, आणि मग हत्ती आणला तरी चाक चढत नाही. फार तर लादी उखडेल. हीच ट्रॉली उलटी फिरवून, दांडा किंचित वर धरून ओढली तर वजन थोडं हलकंही होतं.

आता 40 सेंटिमीटर व्यासाचं चाक घ्या. गणित तेच, पण 2 सेंटिमीटरच्या पायरीला जोर लागतो वजनाच्या 0.48 पट. गाडी दोनच चाकांची, म्हणजे सगळे 100 किलो त्यांच्यावरच, तरीही 48 किलोत काम होतं. मस्जिद बंदरातल्या हातगाड्यांची चाकं माणसाच्या कमरेला येतात ती उगाच नाही. तिथले हमाल माल भरताना तो आसाच्या बरोबर वर येईल असा रचतात. मालाचा गुरुत्वमध्य आसापासून 10 सेंटिमीटर पुढे आणि हात एक मीटरवर, तर 100 किलोतले फक्त 10 हातावर येतात.

मनोरीत मात्र लादीपेक्षा वाळू जास्त. वाळूत चाक रुततं आणि समोर सतत एक छोटा ढीग तयार होतो. ते जन्मभर पायरीच चढत राहतं. टायरवाल्या गाडीला काँक्रीटवर वजनाच्या साधारण शंभराव्या हिश्श्याइतका जोर पुरतो, भुसभुशीत वाळूत पाचव्या हिश्श्याच्याही वर लागतो. चाक मोठं केल्यानं नेमका किती फायदा, यावर 1840 च्या आसपास फ्रान्समध्ये मोरँ आणि द्युप्युई हे दोघे अभियंते चांगलेच भांडले होते. एक म्हणे, विरोध व्यासाच्या व्यस्त प्रमाणात. दुसरा म्हणे, व्यासाच्या वर्गमुळाच्या. मोठं चाक बरं, यावर मात्र दोघांचंही दुमत नव्हतं.

शिवाय ओंडके ओले होते. ओलं लाकूड ओढणं म्हणजे बरंचसं पाणीही ओढणं, आणि तेच पाणी मग बंबात जाळ खातं. जिथे पडलंय तिथेच फोडून, वाळवून मग आणावं.

भावानं शेवटी दोन चाकांची, रुंद हवेच्या टायरची गाडी घेतली. परवा त्याचा पुन्हा फोन: हवा किती भरू? रस्त्यावर टणक टायर बरा, कारण दबून परत फुगताना रबर थोडी ऊर्जा खातं आणि टणक टायर कमी दबतो. पण वाळूत टायर पसरला तर कमी रुततो, आणि वाळू उकरण्यात जाणारी मेहनत रबर खातं त्याच्या कैक पट असते. त्याला म्हटलं, अंगठ्यानं दाबलास तर जरा दबेल इतकीच भर.