अंधारासाठी काढलेली चित्रं

इजिप्तमधल्या काही जुन्या शवपेट्या पाहताना वाटतं, कारागीर काम अर्धवट टाकून उठून गेला असावा. घुबड काढलंय, पण त्याला पाय नाहीत. नाग काढलाय, त्याची शेपटी तोडलेली. या पेट्या इ.स.पू. १८०० च्या आगेमागे घडवलेल्या, आणि त्यांच्यावरचे हे प्राणी म्हणजे चित्रलिपीतली अक्षरं आहेत. ती मुद्दाम अपुरी ठेवलेली आहेत. दफनकक्षाचं तोंड एकदा बंद झालं की आतलं चित्र जिवंत होतं, असं ते लोक मनापासून मानत. मग पाय असलेलं घुबड मृतापुढचं अन्न खाऊन टाकेल, धडधाकट नाग त्यालाच डसेल. त्याहूनही पाचएकशे वर्षं जुन्या, सक्कारा इथल्या पिरॅमिडांच्या आतल्या भिंतींवर तर सिंहाचं अक्षर मधोमध चिरून दोन तुकड्यांत काढलेलं सापडतं.

गीझाच्या पिरॅमिडांशेजारी उभं राहिलेलं ग्रँड इजिप्शियन म्युझियम नोव्हेंबर २०२५ मध्ये समारंभपूर्वक खुलं झालं आणि तुतानखामुन राजाच्या थडग्यातल्या पाच हजारांहून अधिक वस्तू पहिल्यांदाच एका छताखाली आल्या. त्या वस्तूंची छायाचित्रं तेव्हा जगभर फिरली. ती बघताना मला ते बिनपायांचे पक्षी आठवत राहिले. कारण यातली बहुतेक कला कुणी पाहावी म्हणून घडलेलीच नाही. ती कामाला लावण्यासाठी घडली आणि कायमची अंधारात ठेवली गेली. नाशवंत गोष्टीच्या जागी टिकाऊ गोष्ट ठेवायची, ही त्यामागची धडपड. तिचा माग तीन हजार वर्षांहून लांब जातो.

सुरुवात वाळूतून झाली. नाईलच्या काठाला काळी, सुपीक माती आहे. ती शेतीसाठी राखायची आणि मृतांना पलीकडच्या वाळवंटाच्या कडेला न्यायचं. उथळ खड्ड्यात देह गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर निजवायचा, सोबत चार मडकी ठेवायची. तापलेली वाळू देहातलं पाणी शोषून घेई आणि कातडी, केस, नखं तशीच राहत. गेबेलीनजवळ सापडलेला असा एक तरुण आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा. त्याच्या पाठीत पात्याचा घाव आहे हे २०१२ मध्ये सीटी स्कॅनवर दिसलं. पुढे २०१८ मध्ये त्याच्या दंडावर रानबैल आणि रानमेंढा गोंदलेला असल्याचं लक्षात आलं. इजिप्तमधली ही चित्रकला भिंतीवरची नव्हे, माणसाच्या कातडीवरची आहे.

पुढे सुबत्ता आली. मोठ्या माणसांसाठी विटांच्या खोल्या आणि लाकडी पेट्या आल्या. सन्मान वाढला, पण देह वाळूपासून तुटला आणि कुजू लागला. यातूनच देह टिकवण्याची विद्या जन्मली, असं पुस्तकांतून सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे, पण गोष्ट इतकी सरळ नाही. मोस्तागेद्दा इथल्या वाळूतल्या थडग्यांमधून आलेल्या कापडाच्या तुकड्यांवर राळ आणि चरबी यांचं शिजवलेलं मिश्रण असल्याचं २०१४ मध्ये सिद्ध झालं. यातलं सगळ्यात जुनं कापड इ.स.पू. ४३०० च्या सुमाराचं. म्हणजे वाळू आपलं काम चोख करत होती तेव्हाही माणसं तिच्यावर विसंबून नव्हती.

पहिल्या राजघराण्याच्या काळातली एक प्रथा अंगावर काटा आणते. अबायडॉसला जेर राजाच्या थडग्याभोवती तीनशेहून अधिक लहान थडगी आहेत. राजाबरोबर त्याचे चाकर, कारागीर, स्त्रिया यांनाही पाठवलं जात होतं. हे घराणं संपल्यावर ही प्रथा झपाट्याने ओसरली. नंतरच्या थडग्यांत चाकरांच्या मूर्ती दिसतात: पीठ दळणारी बाई, बिअरसाठी आंबवण गाळणारा माणूस. मूर्ती थेट माणसांच्या बदली आल्या असं म्हणायला मधली शतकं आड येतात. पण दगडी बाई दळू शकते हा विश्वास बसल्यावर जिवंत बाईला पुरण्याची गरज उरली नाही, हे तर दिसतंच.

इ.स.पू. २६७० च्या सुमारास सक्कारात जोसर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड उभा राहिला. त्याच्या उत्तरेला दगडात चिणलेली एक खोली आहे. आत राजाचा बसलेला पुतळा आहे आणि त्याच्या डोळ्यांसमोर भिंतीला दोन भोकं. बाहेरच्याने आत डोकावावं म्हणून ती नाहीत. आत बसलेल्या राजाला नैवेद्य दिसावा, धूपाचा वास पोचावा, म्हणून आहेत. माणसाबरोबर जन्मणारी जी जीवशक्ती, तिला ते ‘का’ म्हणत. देह मोडला तर ‘का’ने पुतळ्यात उतरायचं. मूर्तिकारासाठी त्यांच्या भाषेत ‘सांख’ असा शब्द होता, अर्थ ‘जिवंत ठेवणारा’. मूर्ती पूर्ण झाली की सुताराच्या वाकसासारखं हत्यार तिच्या ओठांना लावून तोंड उघडण्याचा विधी होई. ममीवरही हाच विधी करत.

गीझाच्या महापिरॅमिडाबद्दल फार लिहीत नाही. तुरा इथल्या खाणीतली चुनखडी नावेतून गीझाला पोचवणाऱ्या मेरेर नावाच्या अधिकाऱ्याची रोजनिशी २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी सापडली. पपायरस म्हणजे लव्हाळ्यासारख्या पाणवनस्पतीपासून केलेला कागद; आजवर मिळालेल्या लिखित पपायरसांत ती सर्वात जुन्यांपैकी आहे. पण त्या अवाढव्य पिरॅमिडाच्या दफनकक्षाच्या भिंती कोऱ्या आहेत. चित्रं त्या काळी राजापेक्षा त्याच्या अधिकाऱ्यांच्या थडग्यांत बहरली.

सक्कारातल्या ‘ती’ नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात पाणघोड्याच्या शिकारीचं शिल्प आहे. चाकर भाले उगारून आहेत, पाण्यात धुमश्चक्री चालू आहे, आणि मधल्या नावेत हा अधिकारी स्वतः इतरांच्या दुप्पट उंचीचा, ताठ, निश्चल उभा आहे. चेहरा बाजूने, डोळा समोरून, खांदे समोरून, पाय पुन्हा बाजूने. या धाटणीला पूर्वी ‘अप्रगत’ म्हणत, त्याचं मला वाईट वाटतं. डोळ्याला क्षणभर काय दिसतं ते त्यांना टिपायचं नव्हतं. एक हात अंगाआड गेला तर पलीकडे मृताला एकाच हातावर भागवावं लागेल, म्हणून प्रत्येक अवयव पुरता ओळखता येईल असाच काढायचा. त्यासाठी गेरूत बुडवलेल्या दोरीने भिंतीवर चौकटी मारत. टाचेपासून केसांच्या कडेपर्यंत उभ्या माणसाला अठरा चौकटी. शतकानुशतकं हे माप फारसं हललं नाही.

आता देहाकडे. एकूण सत्तर दिवसांचं हे काम. नाकावाटे मेंदू काढायचा, डाव्या कुशीला छेद देऊन यकृत, फुप्फुसं, जठर आणि आतडी बाहेर घ्यायची, पण हृदय आतच ठेवायचं. बुद्धी आणि स्मृती त्यांच्या मते हृदयात होती. मग देह नॅट्रॉनमध्ये पुरायचा. नॅट्रॉन म्हणजे नैसर्गिक खार. आपला पापडखार आणि मीठ एकत्र केल्यावर जे होईल, त्याच जातीचं काहीतरी. सुमारे चाळीस दिवसांनी सुकलेला देह तेल-राळेने माखून लिननच्या पट्ट्यांत गुंडाळायचा. इ.स.पू. पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटस तिथे गेला, तेव्हा या कामाचे ऐपतीप्रमाणे तीन दर होते असं त्याने लिहून ठेवलं आहे.

हे सामान दूरदुरून येई. सक्कारात २०१६ मध्ये ममी बनवण्याची एक कर्मशाळाच सापडली, इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकातली. तिथल्या भांड्यांवर ‘डोक्याला लावायचं’ अशा सूचना शाईने लिहिलेल्या आहेत. भांड्यांत मुरलेल्या अंशांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आशियाच्या उष्ण जंगलांतल्या झाडांची राळ निघाली. दुसऱ्या रामसेसच्या नाकपुड्यांत तर काळ्या मिरीचे दाणे सापडले. तेव्हा मिरी पिकायची आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाच्या जंगलांत. इ.स.पू. १२१३ च्या सुमारास एका राजाचं नाक आकारात राहावं म्हणून ते दाणे एवढा समुद्र ओलांडून गेले. कुणाच्या हातून, कुठल्या बंदरातून, या विचाराने मी कितीदा तरी थबकले आहे.

आणि चुकाही होत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०१२-१३ च्या हिवाळ्यात नेसपेरेन्नब या पुरोहिताची ममी ब्रिटिश म्युझियममधून प्रदर्शनासाठी आली होती. पट्ट्या न सोडवता केलेल्या स्कॅनमध्ये त्याच्या डोक्यामागे एक मातीचं वाडगं दिसतं. ओघळणारी राळ धरण्यासाठी ते ठेवलेलं असावं. राळ थिजली आणि वाडगं कवटीला चिकटलं. काढायला गेले तर कातडी निघाली. शेवटी तसंच गुंडाळलं. इ.स.पू. ८०० च्या सुमाराची ही लपवाछपवी २,८०० वर्षांनी उघड झाली.

परलोकाचा हक्क आधी राजापुरता होता. इ.स.पू. २३५० च्या सुमारास उनास राजाने पिरॅमिडाच्या आतल्या भिंतींवर मंत्र कोरून घेतले, तेव्हा ते फक्त त्याचे होते. काही शतकांत तसलेच मंत्र अधिकाऱ्यांच्या शवपेट्यांत उतरले. ‘नवं राज्य’ म्हणतात त्या काळात (सुमारे इ.स.पू. १५५० ते १०७०) ते पपायरसच्या गुंडाळीवर आले, त्याला आपण मृतांचं पुस्तक म्हणतो. काही गुंडाळ्या आधीच तयार ठेवलेल्या असत, नावाची जागा कोरी सोडून. गिऱ्हाईक आलं की नाव भरायचं. याच पुस्तकात हृदय एका पारड्यात आणि सत्याचं पीस दुसऱ्यात तोलण्याचा प्रसंग येतो. आपल्याच हृदयाने आपल्याविरुद्ध साक्ष देऊ नये, असा मंत्र भुंग्याच्या आकाराच्या दगडावर कोरून ममीच्या छातीवर ठेवत.

परलोकातही शेती होती, आणि शेती म्हटली की वेठबिगार आलीच. तिथे नाव पुकारलं तर ‘हा मी हजर आहे’ असं म्हणायला उशाब्ती नावाच्या बाहुल्या सोबत द्यायच्या. पुढे त्यांची संख्याच ठरून गेली: वर्षाच्या दिवसाला एक याप्रमाणे ३६५, आणि दर दहा जणांवर एक मुकादम, असे ३६. मुकादमाच्या हातात चाबूकही असे.

राजांच्या दरीतली थडगी ज्यांनी खोदली आणि रंगवली त्यांचं गाव नाईलच्या पश्चिम काठावर, डोंगरांच्या बेचक्यात आहे: देर अल-मदिना. तटाच्या आत सत्तरच्या आसपास घरं, एकाला एक लागून. बर्नार ब्रुयेर यांनी १९२२ ते १९५१ पर्यंत इथे उत्खनन केलं. या गावात लिहिता येणारे पुष्कळ होते आणि चुनखडीच्या कपच्या, खापऱ्या पायाशी पडलेल्या असत. त्यामुळे हिशेब, भांडणं, उसनवारी, सगळं लिहून ठेवलं गेलं. दुसऱ्या रामसेसच्या चाळिसाव्या वर्षाचा एक हजेरीपट आहे. चाळीस कामगारांचे खाडे आणि वर तांबड्या शाईत कारणं: विंचू चावला, डोळे आले, घरी बिअर करायची होती, आईचा देह गुंडाळायचा होता.

या शेवटच्या कारणाशी मी दर वेळी थांबते. जन्मभर राजाच्या मरणाची तयारी करणाऱ्या माणसाने आईसाठी सुट्टी मागितली आणि मुकादमाने ती टिपून ठेवली.

ही माणसं उजवी आणि डावी अशा दोन तुकड्यांत काम करत, जणू एखाद्या नावेवरचे वल्हेकरी. दगडफोडे आत सरकत जात, मागून गिलावा चढे, मग तांबड्या रेषांत कच्चं रेखाटन. त्यावर उस्ताद काळ्या रेषेने दुरुस्ती करी, त्यानंतर कोरणारे आणि रंगवणारे येत. होरेमहेब राजाचं थडगं अपुरं राहिलं म्हणून हे सगळे टप्पे तिथे भिंतीवर दिसतात. दिव्याच्या वातीसुद्धा मोजून मिळत. तांबडा-पिवळा रंग मातीचा, काळा काजळीचा, आणि निळा भट्टीतला: वाळू, तांबं, चुना आणि खार एकत्र तापवून केलेला. माणसाने स्वतः तयार केलेल्या रंगांत तो सगळ्यात जुन्यांपैकी.

पगार धान्यात मिळे. तिसऱ्या रामसेसच्या एकोणतिसाव्या वर्षी, इ.स.पू. ११५७ च्या सुमारास, शिधा थकला. कामगार हत्यारं ठेवून निघाले आणि देवळांमागे जाऊन बसले. महिन्याचे अठरा दिवस उलटले, आम्ही उपाशी आहोत, कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, हे त्यांचं गाऱ्हाणं कागदावर उतरलं आहे. लेखी नोंद असलेला हा जगातला पहिला संप मानतात.

फावल्या वेळात त्यांनी स्वतःची थडगीही केली. यातलं सेन्नेजेमचं थडगं १८८६ मध्ये न फुटलेलं सापडलं. भिंतीवर तो आणि त्याची बायको इनेफर्ती परलोकातल्या शेतात राबताहेत: तो बैल हाकतो, ती मागून बी टाकते. दोघांच्या अंगावर ठेवणीतलं पांढरं शुभ्र लिनन. तिथलं जवाचं पीक पाच हात उंच आणि गहू सात हात, असं मंत्रात म्हटलेलं आहे. राजांच्या थडग्यांत देवांची गर्दी फार. नवरा-बायकोच्या या शेतात मला इजिप्त जास्त जवळचं वाटतं.

चोरी मात्र कुणालाच थांबवता आली नाही. नवव्या रामसेसच्या काळात, इ.स.पू. १११० च्या सुमारास, अमेनपानुफर नावाच्या पाथरवटाने चौकशीत कबुली दिली: सोबेकेमसाफ राजाचं थडगं फोडलं, सोनं काढून घेतलं, पेट्या जाळल्या, पकडला गेल्यावर वाट्याचं सोनं देऊन सुटला आणि पुन्हा साथीदारांत जाऊन मिसळला. अखेर पुरोहितांनीच उरलेल्या राजांचे देह गोळा करून देर अल-बहरीजवळच्या एका कपारीत दडवले. ही जागा १८८१ मध्ये अधिकाऱ्यांना कळली. मिरीचे दाणे नाकात असलेला रामसेस तिथेच होता.

रोमन अमलात फायूम भागात ममीच्या चेहऱ्यावर लाकडी फळीवरचं व्यक्तिचित्र बांधू लागले, मेणात कालवलेल्या रंगांनी काढलेलं. पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना १८८८ मध्ये हवारा इथे अशी डझनावारी चित्रं मिळाली. छाया-प्रकाश ग्रीक-रोमन हाताचा; पण फळी बांधायची ती पट्ट्यांमध्येच, आणि पुरायची देहाबरोबरच. तीन हजार वर्षं बाजूने पाहणारे चेहरे इथे समोर वळले.

मग ख्रिस्ती धर्म आला आणि देवळं ओस पडत गेली. चित्रलिपीतला शेवटचा ज्ञात लेख फिली बेटावर आहे, २४ ऑगस्ट ३९४ चा. त्यानंतर चौदाशे वर्षं, १८२२ मध्ये फ्रेंच अभ्यासक शांपोलियोंना लिपी उलगडेपर्यंत, ती कुणालाच वाचता येत नव्हती. थडग्यांच्या दारांवर मात्र वाटसरूसाठी एक विनंती कोरलेली होती: जाता जाता माझं नाव घे, आणि म्हण, याला हजार भाकऱ्या आणि हजार घडे बिअर मिळो, यात तुझा फक्त तोंडचा श्वास खर्च होईल.