शर्यत सुटते ती पाणी कमी पडल्यामुळेच?

डोंगरातील अल्ट्रामॅरेथॉन (मॅरेथॉनहून लांब पल्ल्याची शर्यत) अर्ध्यावर सोडावी लागली की ‘पाणी कमी पडले’ असे ठरवून तहानेआधीच पीत राहण्याचा सल्ला दिला जातो. तो चुकीचा आहे, प्रसंगी जिवावर बेतणारा आहे. दीर्घ श्रमात व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक मूत्रपिंडांना पाणी रोखून धरायला लावू शकते, आणि मग जास्तीचे पाणी बाहेर न पडता रक्तातील सोडियम विरळ करते. मळमळ, डोकेदुखी, बोटात रुतू लागलेली अंगठी, साध्या प्रश्नाला असंबद्ध उत्तर, ही त्याची लक्षणे असू शकतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचे सोडियम लिटरमागे १३५ मिलिमोल किंवा त्याहून कमी, म्हणजे घटलेले मानले जाते इतके, भरले होते. इलेक्ट्रोलाइट (क्षारयुक्त) पेयेही अतिरेकातून वाचवत नाहीत, कारण त्यांतील सोडियम रक्ताच्या मानाने फारच कमी असते. प्यावे ते तहानेनुसार.