अंजन गवत आणि त्यातली विविधता

अंजन गवत म्हणजे सेंक्रस सिलियारिस, काही पुस्तकांत पेनिसेटम सिलियारे असंही सापडेल, गवत तेच. आफ्रिका, पश्चिम आशिया आणि भारताच्या कोरड्या भागातलं हे मूळचं बहुवर्षायू चाऱ्याचं गवत, राजस्थानात याला धामण म्हणतात आणि बाहेर बफेल ग्रास. अंजन नावाचा एक वृक्षपण आहे, त्याचा याच्याशी काही संबंध नाही, गूगल करताना हमखास घोळ होतो. सिलियारिस हे नाव पापणीच्या केसांवरून आलंय, कारण कणसावरच्या प्रत्येक बोंडाला बारीक केसांची झालर असते.

दुष्काळात हे टिकतं कसं, तर मुळं खोल जातात, 2 मीटरच्या पुढेपण, आणि खोडाचा बुडखा फुगीर असतो त्यात अन्नसाठा राहतो, त्यामुळे वरचं सगळं वाळलं तरी पाऊस पडला की पुन्हा फुटतं.

आता दिसण्यातला फरक. काही प्रकार गुडघ्याएवढे बुटके आणि दाट, काही दीड मीटरपर्यंत सरळ वाढणारे, कणसाचा रंग वाळक्या गवतासारख्या फिकटपासून जवळजवळ काळ्या जांभळ्यापर्यंत. ऑस्ट्रेलियात वापरात असलेला बिलोएला हा वाण टांझानियातून गेलेला, उंच आणि जमिनीखाली आडवे कंद सोडणारा, तर केनियातून आलेला गेंडाह (Gayndah) हा वाण बुटका आणि बिनकंदाचा, शेजारी शेजारी लावले तर जात एकच आहे हे पटणार नाही. भारतात मारवाड अंजन, बुंदेल अंजन असे निवडलेले वाण आहेत.

खरी गंमत जनुकांत आहे. या गवतात बी बहुतेक वेळा बीजांडाचं फलन न होताच तयार होतं, याला अपोमिक्सिस म्हणतात, म्हणजे बी पेरलं तरी उगवतं ते आईचंच झेरॉक्स. परागकण लागतात, पण ते फक्त बियातला अन्नसाठा तयार व्हायला, गर्भात बापाचा वाटा शून्य. मग एवढी विविधता आली कुठून? एक तर गुणसूत्रांची संख्या एकसारखी नाही, नेहमी सापडते ती 36, पण 32, 40, 45, 54 अशाही नोंदी आहेत. दुसरं म्हणजे अधूनमधून फलन होतंच, त्यातून एखादं नवीन रोप निपजलं की तेपण पुढे स्वतःच्याच प्रती काढत बसतं. त्यामुळे एका कुरणात सगळी झाडं सारखी आणि वेगळ्या प्रदेशातली एकदम निराळी असं चित्र दिसतं.

ब्रीडिंग करणाऱ्यांना हीच मोठी अडचण होती, आईच बाप मानायला तयार नाही तर संकर करायचा कसा. अमेरिकेत टेक्सासमध्ये फलनाने बी धरणारं एक दुर्मिळ रोप सापडलं, बॅशॉ या संशोधकांनी 1962 मध्ये त्यावर लिहिलं, आणि त्याला आई म्हणून वापरून क्रॉस घेता यायला लागले, हिगिन्स हा वाण त्यातूनच आला.

एकच प्रत सगळीकडे पेरली की काय होतं तेही टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोत दिसलं. टी-4464 नावाचा वाण, मूळचा केनियाच्या तुर्काना भागातला, 1940 च्या दशकात लागवडीला दिला गेला आणि अफाट क्षेत्रावर पसरला, 1990 च्या दशकात त्यावर पिरिक्युलॅरिया बुरशीचा करपा आला तेव्हा सगळी कुरणं एकाच वेळी बळी पडण्याजोगी होती.